शेणातले गांडूळ आणि अळूखालचे गांडूळ

ज्या प्राण्याला आजवर एकच अन्न मिळाले आहे, तो दुसरे अन्न नाकारतो, तेव्हा त्याला नवे काहीच नको असते, की पुढे केलेली ती एक वस्तू तेवढी नको असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमच्या घराचा एक अख्खा चैत्र गेला. मी शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे प्रश्न मांडण्याची सवय मला होती. पण हा प्रश्न वर्गातून आला नाही. तो आमच्या मधल्या खोलीत, स्टुलावर ठेवलेल्या एका काचेच्या टाकीतून आला.

इंदूरच्या मिल तेव्हा एकामागून एक बंद पडल्या होत्या. माझे यजमान ज्या मिलच्या साचाखात्यात, म्हणजे माग चालत त्या खात्यात, देखरेखीचे काम करीत, तिच्या फाटकालाही कुलूप लागले होते. त्याच काळात शहराच्या पलासिया भागात मात्र रोज नवी काचेची दारे बसत होती: बँका, कोचिंग क्लास, दवाखाने. ओळखीच्यांनी यांना तिकडे दोन-तीन ठिकाणी चिकटवून पाहिले. एका कोचिंग क्लासच्या कार्यालयात हे काही दिवस गेले आणि मग जाईनासे झाले. भांडण झाले नाही, तक्रारही केली नाही. "जमत नाही," एवढेच म्हणाले. सासूबाईंनी त्यावर आपले मत बनवून टाकले होते.

"मास्तरला मागाशिवाय काही गोड लागत नाही," त्या पोळ्या लाटता लाटता म्हणत. साचाखात्यात यांना सगळे मास्तर म्हणत, म्हणून घरी त्यांनी तो शब्द टोमण्यासाठी राखून ठेवला होता.

यांना एकच दुसरा नाद होता, तो मासे पाळण्याचा. मिल चालू असल्यापासून आमच्याकडे एक टाकी असे आणि तिच्यातले पाणी पिण्याच्या पाण्याइतके स्वच्छ असे. हे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला आठवत होते. ती आता लहान मुलांच्या दातांची डॉक्टर झाली होती आणि अक्षय्य तृतीयेला पलासियाला आपला दवाखाना उघडणार होती. एक दिवस ती स्कूटरवरून आमच्या अन्नपूर्णा भागातल्या घरी आली आणि पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी तिने जपून जमिनीवर ठेवली.

पिशवीत दोन ॲक्सोलॉटल होते. हा मासा नव्हे. तो बेडकाच्या दूरच्या नात्यातला, सॅलामँडर कुळातला प्राणी आहे; पण बेडूकमासा जसा मोठा होऊन पाण्याबाहेर येतो तसा हा येत नाही. जन्मभर पाण्यातच राहतो, आणि त्याचे कल्ले डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे बाहेर फुटलेले असतात. एक पांढरा होता, गुलाबी कल्ल्यांचा, दुसरा काळा. दोघांच्याही तोंडाची रेघ अशी की पाहणाऱ्याला ते हसत आहेत असे वाटावे.

"बाई गं, पाण्यातली पाल," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, पाल नाही. बघा ना, स्माइल करतोय," डॉक्टर म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, माझ्याकडे येणारे बच्चे इतने डरते हैं की तोंडच उघडत नाहीत. याला खाताना बघितलं की त्यांचं तोंड आपोआप उघडतं. मी कलकत्त्याच्या दुकानात बघितलंय. म्हणून खास मागवले."

मग ती यांना म्हणाली, "काका, दवाखान्यात एसी आहे, मोठी टाकी बनतेय. तोपर्यंत हे तुमच्याकडे. नंतर टाकीचं सगळं काम तुम्हीच बघायचं, महिन्याच्या महिन्याला. वरच्या मजल्यावरच्या दोन डॉक्टरांनाही टाक्या हव्यात, त्याही तुम्हीच बघा. बस, हे खाताना दिसले पाहिजेत. नाहीतर मग ते गोल्डफिशवाले आहेतच, वो लोग तो तैयार बैठे हैं."

यांनी मान डोलावली. मिल बंद झाल्यापासून कोणत्याही कामाला इतक्या लवकर होकार देताना मी यांना पाहिले नव्हते. सासूबाईंनीही पाहिले नव्हते. कारण त्यांनी लगेच चहा टाकला आणि डॉक्टरच्या बशीत शेव जरा जास्तच घातली.

प्राण्यांबरोबर बुडणाऱ्या गोळ्यांचे एक विलायती पाकीट आले होते, अर्धे रिकामे. दोघे त्या गोळ्यांवरच वाढलेले होते. दुसरे पाकीट केव्हा येईल हे कलकत्त्याच्या दुकानदाराला सांगता येत नव्हते. म्हणजे गोळ्या संपण्याच्या आत त्यांना दुसरे काही खायला शिकवायचे होते. पण ही अडचण कळण्याच्या आधीच वेगळ्या अन्नाची गोष्ट काढली ती सासूबाईंनी.

"रोज तीच गोळी?" पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या. "पानात डावी बाजू नको? उजवी बाजू नको? नुसत्या भातावर कोण जगतं?"

हे वाक्य मी त्या वेळी हसून सोडून दिले, पण शास्त्र त्यांच्याच बाजूने आहे. एकाच अन्नावर प्राणी तगतो. पण त्या अन्नात जे कमी आहे ते त्याच्या शरीरातही हळूहळू कमी होते. आपल्या पानातील मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर ही डावी बाजू हेच काम करते: थोडे, पण निरनिराळे. तेव्हा त्यांचे मत बरोबर होते. अंमलबजावणी मात्र चुकली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा टाकीच्या तळाशी भिजवलेली हरभरा डाळ, पनीरचा चुरा आणि पोह्याचे काही दाणे पसरलेले होते. दोन्ही प्राणी कोपऱ्यात, त्या पंगतीकडे पाठ करून बसले होते.

"अहो आई, हे मांसाहारी आहेत," मी म्हणाले.

"दोघंही?"

"दोघंही."

"मग हसतात कशाला एवढे," म्हणून त्या आत निघून गेल्या.

यांनी ते पाणी उपसून टाकले आणि ड्रममध्ये दोन दिवस उघडे ठेवलेले, नळाला येणारे नर्मदेचे पाणी भरले. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांच्या कल्ल्यांना सोसत नाही. पाणी उघडे ठेवले की ते निघून जाते.

ॲक्सोलॉटलचे सर्वांत चांगले अन्न गांडूळ, एवढे पुस्तकातून मला ठाऊक होते. मांसमच्छी आमच्या घरात येत नसे आणि आली नसतीच. गांडुळाविषयी मात्र घराचा नियम लिहिलेला नव्हता, म्हणून तो सासूबाईंना विचारावा लागला. त्यांनी विचार केला. त्या काळी गांडूळखताचे वेड शहरात नवे होते. ओळखीच्या एका बागवाल्याकडे सिमेंटच्या हौदात शेणखत घालून लाल गांडुळे वाढवली जात.

"शेणात वाढलेलं ना? मग चालेल," त्या म्हणाल्या. "शेण शुद्धच. पण मोरीकडचं, मातीतलं काही घरात आणायचं नाही. आणि एकादशीला नाही, चतुर्थीला नाही."

त्यामुळे शेणातील लाल गांडुळे आली. पातळ, चपळ, धुतली की चकचकीत. यांनी एक चिमट्यात धरून पांढऱ्याच्या तोंडापुढे हलवले. ॲक्सोलॉटलची दृष्टी अधू असते. हालचाल आणि वास यांवर तो अन्न ओळखतो, आणि तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. पांढऱ्याने तसे ओढून घेतले. क्षणभर थांबला. मग डोके झटकून त्याने गांडूळ बाहेर टाकले आणि मागे सरकला. काळ्यानेही तेच केले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

येथून पुढे आम्ही दोघांनी जे केले, ते क्रमाने सांगते. कारण चुका कोठे झाल्या हे क्रमाशिवाय समजत नाही.

पहिला संशय उन्हाचा. या प्राण्याला थंड पाणी लागते. पाणी तापले की त्याची भूक मरते आणि कल्ल्यांची टोके पुढे वळतात. टाकीतील पारा पंचविशीच्या जवळ होता. मला सुचलेला उपाय बर्फाचा होता, पण हे म्हणाले, "बर्फ नको. एकदम गार, एकदम गरम, ते वाईट. साचाखात्यात हवा कोरडी झाली की धागा तुटतो. तिथे काय करायचो? ओलावा धरायचो." यांनी माझ्या शाळेतून आणलेल्या दोन थर्मामीटरांपैकी एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्हींचा पारा शेजारी शेजारी वाचला. हवा कोरडी असली की ओल्या चिंधीचा पारा खाली राहतो. आणि पाणी साधारण किती गार होऊ शकेल हे त्या फरकावरून सांगता येते. मग टाकीभोवती मांजरपाटाचे जुने कापड गुंडाळून त्याची टोके पाण्याच्या परातीत सोडली आणि पंखा लावला. माळव्याच्या कोरड्या हवेत हे फार चांगले चालते. पाणी एकविशीला आले, कल्ले सरळ झाले, गोळ्या टाकताच दोघे धावून आले.

लाल गांडूळ मात्र तसेच थुंकले गेले. म्हणजे उष्णता हे कारण नव्हते.

दुसरा संशय देण्याच्या पद्धतीचा. गांडूळ अखंड दिले, तुकडे करून दिले, दिवा मालवून दिले, कारण या प्राण्याला पापण्या नसतात आणि प्रखर उजेड नको असतो. उपाशी ठेवूनही पाहिले. एकादशी त्यासाठी कामी आली. काही फरक पडला नाही.

पाकिटाच्या तळाशी गोळ्यांचा भुगा दिसू लागला तेव्हा हे टाकीपुढे बसून म्हणाले, "नाही शिकायचे. गोळीवरच वाढले, गोळीच खाणार. आता नवं तोंडाला लागत नाही त्यांच्या."

"मग तुझ्यासारखेच की," सासूबाई आतून म्हणाल्या. "एकच गोळी."

हे परातीत पाणी घालायला उठले. मी उत्तरपत्रिका तपासत होते. प्राण्याच्या वागण्यावरून माणसाविषयी निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याचे मी गुण कापते, आणि सासूबाईंचेही त्या दिवशी मनातल्या मनात कापले. पण यांचे वाक्यही मला पटले नव्हते. 'गोळीच खाणार' हा निष्कर्ष होता, आणि तो काढण्यासाठी आम्ही गोळीखेरीज नेमक्या किती वस्तू दिल्या होत्या? डाळ-पोहे सोडले तर एकच. एका वस्तूच्या नकारावरून सर्व वस्तूंचा नकार सिद्ध होत नाही. ही गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि घरी ती सुचायला मला इतके दिवस लागले.

मी एक लाल गांडूळ टीपकागदावर ठेवून काडीने हलकेच डिवचले. त्याच्या अंगातून पिवळसर द्रव सुटला आणि कागदावर डाग उमटला. वास घेतला. उग्र होता, करपट, जिभेच्या मुळाशी कडवटपणा यावा असा. मी कागद यांच्यापुढे धरला.

यांनी वास घेऊन मान मागे केली. मग म्हणाले, "म्हणजे नवं नको असं नाही. हे नको आहे."

"तपासावं लागेल," मी म्हणाले. "दुसऱ्या जातीचं गांडूळ लागेल."

चैत्रातील कोरड्या जमिनीत गांडूळ सापडत नाही. ते ओल शोधत खाली उतरते. ओल आमच्या आवारात एकाच ठिकाणी होती. मागे भांडी घासण्याच्या मोरीचे पाणी जिथे जाई, तिथे सासूबाईंचे अळू होते. हत्तीच्या कानाएवढी पाने. तिथे खणायचे, तर त्यांना विचारल्याशिवाय कुदळीला हात लावणे शक्य नव्हते.

"खरकट्या पाण्यावर वाढलेलं ते," त्या म्हणाल्या. "ते मधल्या खोलीत आणणार?"

"आई, अळू पण त्याच पाण्यावर वाढतं. त्याची भाजी आपण खातो."

"अळू शिजवतो आपण. हे शिजवणार आहेस का?"

हे दारात उभे होते. सासूबाईंनी यांच्याकडे पाहिले, मग यांच्या हातातल्या चिमट्याकडे, मग पुन्हा यांच्याकडे. कोचिंग क्लासमधून परतलेल्या मुलाला त्यांनी याच दारातून आत घेतले होते.

"त्या पोरीचं उद्घाटन कधी आहे?"

"अक्षय्य तीजेला."

"मग खण बाबा. मुळं तोडू नकोस. आणि स्वयंपाकघरातलं भांडं घ्यायचं नाही. मी काही बघायला येणार नाही."

अळूखाली निघालेली गांडुळे राखाडी-तपकिरी, जाड आणि संथ होती. टीपकागदावर त्यांनी डाग सोडला नाही; वास आला तो नुसता मातीचा. ती धुऊन, साध्या ओल्या कागदात काही काळ ठेवली, म्हणजे पोटातली माती निघून जावी. मग प्रयोग मांडला. पांढऱ्याला राखाडी, काळ्याला लाल. आणि दुसऱ्या वेळी उलट. एकालाच दोन्ही दिली असती तर पहिल्याची चव दुसऱ्याला लागली, असा आक्षेप घेता आला असता.

पांढऱ्याने राखाडी गांडूळ आत ओढले, थांबला, पुन्हा एकदा ओढले, आणि गिळले. काळ्याने लाल थुंकले.

न पाहणाऱ्या सासूबाई माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या.

"शेणातलं सात्त्विक नको," त्या म्हणाल्या, "आणि मोरीवरचं चालतं. अगदी आमचे हे, तुझे सासरे. घरी भाकरी टाकून ठेवली की भूक नसायची, आणि तिकडे सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस."

हे हसले. किती दिवसांनी, ते मी मोजले नव्हते. मग आईकडे वळून म्हणाले, "आई, तू त्या दिवशी जे म्हणालीस ना, एकच गोळी..."

"म्हणाले असेन," त्या म्हणाल्या. "माणूस बोलतो काहीतरी." आणि पदर खोचून अळूची पाने पाहायला गेल्या.

दुसऱ्या वेळी, अदलाबदल केल्यावर, काळ्याने राखाडी गिळले आणि पांढऱ्याने लाल थुंकले. तेव्हा मला समाधान वाटले. यांना ते आधीच्याच दिवशी वाटले होते. ते अदलाबदलीसाठी थांबले केवळ माझ्या आग्रहाखातर.

एक नवी वस्तू स्वीकारली गेली की पुढच्या सोप्या जातात, हे मी सिद्ध केलेले नाही, फक्त पाहिले आहे. पाण्याच्या ड्रममध्ये झालेल्या डासांच्या अळ्या त्यांनी टिपल्या. गोळ्यांचा उरलेला भुगा अधूनमधून दिला, तोही घेतला. सासूबाईंची डावी-उजवी बाजू आम्ही मान्य केली, पण एका पानात नव्हे, दिवसांवर वाटून: मुख्य अन्न अळूखालचे गांडूळ, कधी अळ्या, कधी गोळी, आणि एका दिवशी एकच पदार्थ, म्हणजे उरलेले कुजून पाणी बिघडत नाही. मध्ये रिकामे दिवसही ठेवले; वाढलेल्या ॲक्सोलॉटलला रोज अन्न लागत नाही. एकादशी आणि चतुर्थी त्यांत आपोआप बसल्या. सासूबाई शेजारणीला सांगत, "आमच्याकडचे दोघेही करतात उपास."

अक्षय्य तृतीयेला आम्ही तिघे पलासियाला गेलो. तिथल्या रहदारीतून यांनी प्राण्यांचा डबा रिक्षात मांडीवर ओला मांजरपाट गुंडाळून नेला. नव्या टाकीच्या तळाशी सजावटीचे खडे पसरलेले होते; हे खडे अन्नाबरोबर गिळले जातात आणि पोटात अडकतात, म्हणून यांनी पाणी भरण्याआधी सगळे काढायला लावले. डॉक्टरचे तोंड थोडे उतरले, पण तिने ऐकले. पाणी स्थिर झाल्यावर यांनी चिमटा आत नेला. समोर निळ्या खुर्चीवर एक लहान मुलगी ओठ गच्च मिटून बसली होती.

पांढरा आला नाही. नवी जागा, नवे पाणी, उजेड. हे चिमटा तसाच धरून थांबले. डॉक्टरने माझ्याकडे पाहिले. मी यांच्याकडे पाहत होते. मग हे डॉक्टरला शांतपणे म्हणाले, "वरचा दिवा बंद करा. घाई नाही."

दिवा मालवल्यावर थोड्या वेळाने आला तो काळा. तोंड उघडले, गांडूळ नाहीसे झाले. खुर्चीवरच्या मुलीचे तोंड उघडेच राहिले.

"बस, अब ऐसे ही रखना," डॉक्टर तिला म्हणाली आणि आरसा हातात घेतला. काम आटोपल्यावर तिने पर्समधून एक किल्ली काढली आणि यांच्यापुढे धरली. "काका, रविवारी दवाखाना बंद असतो. तेव्हा येऊन पाणी बदलत जा. मी नसते, म्हणून ही तुमच्याकडेच राहू द्या."

यांनी किल्ली घेतली, जानव्याला बांधली आणि सदरा सारखा केला. साचाखात्याची किल्लीही ते तशीच बांधत.

उत्तर एवढेच, की आमच्या दोन प्राण्यांनी नवे अन्न नाकारले नव्हते. एक विशिष्ट अन्न नाकारले होते, आणि आम्ही त्यालाच सर्व नवे समजलो होतो. दोन प्राण्यांवरून नियम होत नाही. पुढे यांनी लाल गांडूळ क्षणभर गरम पाण्यात बुडवून देऊन पाहिले; पांढऱ्याने ते घेतले, काळ्याने नाही, आणि असे का, ते मला आजही ठाऊक नाही. तेव्हा ज्यांच्याकडे असा प्राणी असेल त्यांनी दोन्ही जातींची गांडुळे आणावीत, टीपकागदावर डाग पाहावा, अदलाबदल करून द्यावीत, आणि माझे म्हणणे खरे की खोटे ते स्वतः तपासून पाहावे.